मोबाईलवरील छळ : सरकारची नोंद व आपलें कर्तव्य

गारपीट होवो, अतिवृष्टि होवो, अगर उभ्या पिकावर कीड पडो. शेतकरी पहिल्या धक्क्यांतून सांवरला म्हणजे तलाठ्याच्या कचेरीकडे वळतो. (तलाठ्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचें, परंतु जुनी संवय जात नाहीं.) पंचनामा झाला कीं नाहीं, आपला गट नंबर यादींत आला कीं नाहीं, हें तो स्वतः जाऊन पाहतो. जें नुकसान कागदावर आलें नाहीं तें सरकारच्या लेखीं झालेंच नाहीं, हें कोणीं शिकविल्यावांचून त्यास ठाऊक असतें. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची उमर गेली. या जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांत आम्हीं हेंच एक सूत्र असंख्य लोकांस सांगितलें, कीं बाबांनो, आधीं नोंद करा. आज ज्या संकटाविषयीं लिहावयाचें आहे, त्यांत मात्र हाच शहाणा शेतकरी नेमकें उलट करतो. तो नोंद करीत नाहीं, इतकेंच नव्हे, तर असलेली नोंदही आपल्या हातानें पुसून टाकतो.

हें संकट म्हणजे मोबाईलवरून होणारा छळ. वर्तमानपत्रांत त्यास सायबर छळ म्हणतात. दुसऱ्याच्या नांवानें खोटें खातें उघडणें, मुलीचा फोटो बिघडवून ग्रुपवर फिरविणें, एखाद्यास रूपावरून, जातीवरून अगर गरिबीवरून रोज टोंचून बोलणें, निनांवी धमक्या देणें, खासगी चित्र उघडें करण्याची भीति घालून पैसा मागणें, हे सर्व प्रकार त्यांत येतात. शेतकीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पिकाचा फोटो काढून तो सातबाऱ्यावर चढविण्याकरितां मोबाईल शेताच्या बांधावर आला. कांद्याचा बाजारभाव त्यांत, दुधाचा हिशेब त्यांत, पावसाचा अंदाजही त्यांतच. दिवसा जें यंत्र बापाच्या खिशांत असतें तेंच रात्रीं मुलाच्या अगर मुलीच्या हातीं असतें. ज्या वस्तूवांचून शेतकऱ्याचें चालत नाहीं, तिच्यापासून घरांत काय शिरतें याचा विचार शेतकऱ्यानें करावा, यांत अप्रस्तुत असें कांहीं नाहीं.

जुनी शिवी व नवी शिवी

शिवीगाळ आपल्या गांवांस नवी नाहीं. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, निवडणुकीवरून पूर्वींही तोंडें सुटत असत. परंतु चावडीपुढें दिलेली शिवी वाऱ्याबरोबर जाई. देणारा समोर उभा असे, ऐकणारे दहावीस असत, आणि एखादा वडीलधारा मध्यें पडून दोघांस घरोघर लावून देई. मोबाईलवरील शिवीचे तीन गुण निराळे आहेत. ती विरत नाहीं. लिहिलेली असल्यामुळें वर्षानंतरही जशीच्या तशी समोर येते. ती एका ठिकाणीं राहत नाहीं. एका बोटानें शंभर घरीं जाते आणि जिचें नांव तिच्यांत असतें तिच्या सासरींही पोंचते. तिसरें असें कीं, ती देणाराचें तोंड दिसत नाहीं; आणि ज्याचें तोंड दिसत नाहीं त्यास लाजही वाटत नाहीं. वडीलधाऱ्यानें मध्यें पडावें तरी कोणामध्यें पडावें?

आणखी एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. पूर्वीं छळास घराची भिंत आड येत असे. मुलगी अगर मुलगा शाळेंतून घरीं आला, दार लागलें, म्हणजे त्या दिवसापुरतें तें संपलें. आतां तें अंथरुणापर्यंत येतें. आईबाप शेजारच्या खोलींत निजलेले असतात आणि मूल एकटें जागें राहून स्वतःविषयीं लिहिलेलें वाचीत असतें. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आमच्या हातून झालेली चूक

कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या गांवचे एक बागाईतदार संध्याकाळीं आमच्याकडे आले. लोकांचे अर्ज लिहून देण्याचा आमचा जुना परिपाठ, म्हणून ते आले. पाणी घेतलें, आणि बराच वेळ चाळींतल्या कांद्याच्या सडीविषयीं बोलत राहिले. उठतांना त्यांनीं मोबाईल आमच्या हातीं दिला व तोंड फिरविलें. त्यांची मुलगी बारावीस होती. चुलतबहिणीच्या लग्नांत काढलेला तिचा फोटो कोणीं उचलला होता, तिच्या नांवानें खातें उघडलें होतें, आणि फोटोखालीं जें लिहिलें होतें तें येथें लिहितां येत नाहीं. तें गांवच्या ग्रुपवरही येऊन गेलें होतें.

आम्हीं सल्ला दिला, "पुसून टाका. कोणापाशीं बोलूं नका. चार दिवसांत लोक विसरतात." झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्या मनांत होती. त्यांनीं आमच्यासमोरच सर्व पुसलें व ते हलक्या मनानें घरीं गेले.

महिन्याभरानें तेंच पुन्हां झालें, आणि पहिल्यापेक्षां वाईट. या खेपेस मुलीची आई बरोबर आली. ती म्हणाली, "भाऊसाहेब, आतां लिहाच." आम्ही लिहावयास बसलों. पहिला प्रकार कोणत्या तारखेस झाला, खात्याचें नांव काय होतें, तें कोणत्या नंबरावरून ग्रुपवर आलें, हें लिहावयाचें तर आमच्यापाशीं कांहींच नव्हतें. तें आम्हींच पुसावयास लाविलें होतें. ज्या माणसानें जन्मभर लोकांस कागद जपून ठेवावयास सांगितलें, त्यानेंच ऐन वेळीं कागद फाडावयास सांगावें, याहून मोठी शरमेची गोष्ट आम्हांस दुसरी आठवत नाहीं.

दुसऱ्या खेपेचा पुरावा राहिला. तक्रार दाखल झाली, खातें बंद झालें, आणि तें चालविणारा फार दूरचा निघाला नाहीं. बांधाच्या जुन्या वादांतील पलीकडच्या घरचा तो पोरगा होता. परंतु तोंपर्यंत मुलीनें कॉलेजास जाणें सोडलें होतें व ती परीक्षेस बसली नाहीं. मधला जो महिना गेला तो आमच्या सल्ल्यानें गेला. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तेंच होय.

सरकारास काय ठाऊक आहे

सरकार या गोष्टीचा अभ्यास कसा करतें, हें आतां पाहूं. देशांतील गुन्ह्यांची मोजदाद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरसाल प्रसिद्ध करतो. त्यांतील आंकड्यांप्रमाणें सर्व प्रकारचे सायबर गुन्हे २०२१ सालीं ५२,९७४, २०२२ सालीं ६५,८९३ व २०२३ सालीं ८६,४२० नोंदले गेले. यांत मोठा भाग पैशाच्या फसवणुकीचा असतो. स्त्रिया व मुलें यांचा मोबाईल व इंटरनेटवरून पाठलाग अगर छळ, या सदराखालीं २०१७ सालीं सगळ्या देशांत ५४२ व २०१८ सालीं ७३९ गुन्हे नोंदले गेले होते.

या शेवटच्या आंकड्यावर वाचकांनीं क्षणभर थांबावें. साऱ्या हिंदुस्थानांत, वर्षाचे ३६५ दिवस मिळून, ७३९! आपल्या एका तालुक्यांतील हायस्कुलांत यापेक्षां कितीतरी अधिक मुली शिकत असतात. देशांत छळ इतकाच झाला असें कोणीही समंजस माणूस म्हणणार नाहीं. पाहणीपत्रकांत शेत पड दाखवावें आणि शेतांत कांदा उभा असावा, तसला हा प्रकार आहे. पत्रक खोटें नसतें. तें अपुरें असतें. पोलीस ठाण्यापर्यंत जें आलें तेवढेंच त्यांत आलें, आणि आमच्या त्या बागाईतदारांचा पहिला महिना कोणत्याच पत्रकांत आला नाहीं.

ठाण्यांतील नोंदीखेरीज दुसरे कांहीं प्रयत्नही झाले आहेत. युनिसेफ या संस्थेनें २०१६ सालीं हिंदुस्थानांतील मुलांच्या इंटरनेटवरील सुरक्षिततेचा अहवाल प्रसिद्ध केला. मे २०२० मध्यें, कोरोनामुळें शाळा मोबाईलवर आल्या तेव्हां, केंद्राच्या एनसीईआरटी या संस्थेनें युनेस्कोच्या सहकार्यानें विद्यार्थी व शिक्षक यांच्याकरितां छळापासून बचावाची पुस्तिका काढली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानें ६ राज्यांतील ६० शाळांत पाहणी करवून २०२१ सालीं अहवाल दिला. त्यांत ३,४९१ विद्यार्थ्यांस प्रश्न विचारले होते. दहा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ३७.८ मुलांचें फेसबुकवर व शेंकडा २४.३ मुलांचें इन्स्टाग्रामवर खातें होतें, असें त्यांत आढळलें. या कंपन्यांच्या स्वतःच्या नियमानेंच खातें उघडण्यास तेरा वर्षें पुरीं असावीं लागतात. तेव्हां मुलांनीं वय खोटें सांगितलें आणि आईबापांनीं तें पाहिलें नाहीं, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

खेड्यांची स्थिति पाहावयाची तर प्रथम या संस्थेचा 'असर' अहवाल उपयोगी पडतो. तो सरकारी नव्हे. परंतु घरोघर जाऊन केलेला असतो. २०२४ च्या पाहणींत १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकीं शेंकडा ८२.२ मुलांस स्मार्ट मोबाईल चालवितां येतो असें दिसलें. आदल्या आठवड्यांत शिक्षणाच्या कामीं तो वापरला असें शेंकडा ५७ मुलांनीं सांगितलें, तर समाजमाध्यमांसाठीं वापरला असें शेंकडा ७६ मुलांनीं. समाजमाध्यमें वापरणाऱ्यांपैकीं त्रास देणारास अडवून त्याची तक्रार कशी करावी हें ठाऊक असलेलीं मुलें शेंकडा ६२ निघालीं. म्हणजे शंभरांतील अडतीस मुलें विहिरीवर जातात, पण त्यांस पोहतां येत नाहीं.

परदेशांतही हा प्रश्न सुटला आहे असें नाहीं. युनिसेफनें २०१९ सालीं ३० देशांतील तरुणांस विचारलें, तेव्हां तिघांत एकानें आपला असा छळ झाल्याचें सांगितलें. अमेरिकेचें आरोग्य खातें शाळकरी मुलांस ठराविक वर्षांच्या अंतरानें हाच प्रश्न घालतें. २०२१ सालीं तेथील माध्यमिक विद्यार्थ्यांपैकीं शंभरांत सुमारें सोळांनीं होकार दिला. येथें एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. तेथें मुलांस विचारून मोजतात, आपल्याकडे मुख्यतः ठाण्यांतील कागदावरून मोजतात. ऑस्ट्रेलियानें २०१५ सालीं मुलांच्या सुरक्षिततेसाठीं स्वतंत्र आयुक्त नेमला, आणि १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांस मोठ्या समाजमाध्यमांवर खातें ठेवूं न देण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें. जपाननें एका तरुण महिला कुस्तीपटूच्या आत्महत्येनंतर कायदा कडक करून २०२२ सालापासून सार्वजनिक अपमानास एक वर्षापर्यंत कैद ठेवली.

कायद्याची वाट

आपल्याकडे सायबर छळ या नांवाचा एकच एक गुन्हा कायद्यांत नाहीं. तो निरनिराळ्या कलमांत विखुरलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यांत २००८ सालीं दुरुस्ती होऊन ती २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलांत आली. दुसऱ्याची ओळख चोरणें (कलम ६६ क), दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविणें (६६ ड), खासगी अंगाचें चित्र संमतीवांचून काढणें अगर पसरविणें (६६ इ), अश्लील मजकूर पसरविणें (६७ व त्यापुढील) हे त्यांतील गुन्हे होत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ७८ व्या कलमांत स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिचा मोबाईलवरून पाठलाग, ७९ व्यांत तिच्या शीलाचा शब्दानें अगर खुणेनें अपमान, ३५१ व्यांत धमकी, आणि ३५६ व्यांत बदनामी यांस शिक्षा सांगितली आहे. निनांवी धमकीस जादा शिक्षा आहे. मूल अठरा वर्षांखालील असेल व प्रकार लैंगिक असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदाही लागतो.

कायदा कसा असूं नये, याचा धडाही महाराष्ट्रानेंच पाहिला आहे. २००८ च्या दुरुस्तींत ६६ अ नांवाचें एक कलम होतें. मोबाईलवर कोणास त्रासदायक वाटेल असें कांहींही लिहिणें त्यानें गुन्हा होई. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें (तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांत होतें) दोन तरुण मुलींस फेसबुकवरील एका साध्या मताबद्दल अटक झाली; एकीनें तें लिहिलें होतें व दुसरीनें त्यास पसंति दिली होती. देशभर ओरड झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. जाळें फार बारीक विणलें तर त्यांत चिमण्या सांपडतात. टीका निराळी व छळ निराळा; सरपंचाच्या कारभारावर कोणी ग्रुपवर बोट ठेवलें तर तो छळ नव्हे, हें आपणही विसरूं नये. पुढें महाराष्ट्र विधिमंडळानें डिसेंबर २०२१ मध्यें शक्ति विधेयक मंजूर केलें. त्यांत समाजमाध्यमांवरून स्त्रियांचा छळ करणारास शिक्षेची तरतूद होती. परंतु राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें कायद्यांत उतरलें नाहीं.

ग्रुप चालविणाऱ्या गृहस्थांस एक भीति नेहमीं असते, कीं दुसऱ्यानें टाकलेल्या घाणीबद्दल आपण तुरुंगांत जाऊं काय? गोंदिया जिल्ह्यांतील अशाच एका प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें मार्च २०२१ मध्यें निकाल दिला कीं, ग्रुपचा प्रमुख त्या कटांत सामील नसेल तर केवळ प्रमुख म्हणून तो दुसऱ्याच्या मजकुरास जबाबदार नाहीं. कायद्यानें ही सूट दिली. शेजारधर्मानें दिलेली नाहीं. ग्रुपमधून माणूस काढण्याची किल्ली ज्याच्या हातीं आहे, त्यानें ती गंजूं देऊं नये.

तक्रारीची सोय मात्र पूर्वींपेक्षां पुष्कळ सुधारली आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळ सुरू झालें, आणि जानेवारी २०२० मध्यें केंद्रीय गृह खात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राचें उद्घाटन झालें. त्याचा दूरध्वनि १९३० हा आहे. अकोल्याच्या डोंगरांतील माणसास जिल्ह्याचें सायबर पोलीस ठाणें शंभर किलोमीटरांहून दूर पडतें. त्यानें घरबसल्या नोंद करावी, हा यांतील हेतु. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें गुन्हा कोठेंही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यांत खबर देतां येते. ती मोबाईलवरून दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनीं कंपन्यांवरही बंधन घातलें. उघड्या अंगाचें चित्र अगर खोट्या नांवाचें सोंग याविषयीं तक्रार येतांच तें २४ तासांच्या आंत काढावें, असें त्यांत ठरलें.

सौंदाळ्याचा ठराव

सरकार म्हणजे केवळ दिल्ली व मुंबई नव्हे. ग्रामसभा हेंही सरकारच आहे, आणि आमच्या मतें या कामीं तेंच सर्वांत जवळचें. आपल्या जिल्ह्यांतील नेवासें तालुक्यांत सौंदाळा म्हणून गांव आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें तेथील वस्ती अठराशेंच्या आसपास. २००७ सालीं तंटामुक्तीचें राज्यस्तरावरील बक्षीस या गांवानें मिळविलें होतें. नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीस सरपंच शरद आरगडे यांच्या पुढाकारानें तेथील ग्रामसभेनें ठराव केला कीं, गांवांत जो कोणी आईबहिणीवरून शिवी देईल त्यास ५०० रुपये दंड. त्याबरोबरच सायंकाळीं ७ ते ९ या वेळांत शाळकरी मुलांनीं मोबाईल वापरूं नये, तो वेळ अभ्यासास द्यावा, असेंही ठरलें. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळीं सात वाजतां भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील मोबाईल व टीव्ही बंद ठेवण्याचा प्रघात पडला आहे.

पांचशें रुपयांच्या दंडास कायद्याचें बळ किती, असा प्रश्न एखादा वकील काढील. आम्ही दंडाच्या रकमेकडे पाहत नाहीं. शिवी ही जिला दिली तिची लाज नव्हे, ज्यानें दिली त्याची लाज आहे, असें साऱ्या गांवानें सभेंत बसून लेखी म्हटलें, हें त्यांतील सार आहे. मोबाईलवरील छळांत नेमकी हीच गोष्ट उलटी झालेली असते. करणारा उजळ माथ्यानें हिंडतो आणि सोसणारी घरांत तोंड लपविते. ही लाज एकदां योग्य घरीं पोंचती झाली, म्हणजे नोंदी आपोआप होऊं लागतील. अशा ठरावांत चावडीवरील शिवीच्या जोडीस मोबाईलवरील शिवीही घालावी, असें आम्हांस वाटतें.

करावयाच्या गोष्टी

अनुभवावरून कांहीं सूचना येथें देतों. वाचकांनीं त्या घरांतील स्त्रियांस व मुलांस वाचून दाखवाव्या.

(१) पुसूं नका. मजकूर, चित्र, खात्याचें नांव व पत्ता, नंबर, तारीख व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मूळ मजकूरही त्याच मोबाईलमध्यें राहूं द्या. कोर्टांत नकलेबरोबर प्रमाणपत्र लागतें आणि मूळ यंत्रास किंमत असते.

(२) उलट शिवी देऊं नका. दोन्ही बाजूंचे शब्द कागदावर आले म्हणजे फिर्यादीचा आरोपी होण्यास वेळ लागत नाहीं.

(३) कोणी चित्र उघडें करण्याची धमकी देऊन पैसा मागत असेल तर एक रुपयाही देऊं नका. सावकाराच्या व्याजापेक्षां तें वाईट. पहिला हप्ता दिला कीं दुसरा ठरलेला.

(४) प्रथम पुरावा ठेवा, मग त्या माणसास अडवा व कंपनीकडे तक्रार करा, आणि त्यानंतर संकेतस्थळावर, १९३० वर अगर जवळच्या ठाण्यांत खबर द्या. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मूल संकटांत असेल तर १०९८ व स्त्री संकटांत असेल तर १८१ हे दूरध्वनि आहेत. जीवाची भीति असेल तर ११२.

(५) मुलीचा मोबाईल काढून घेऊं नका. पुष्कळ मुली बापास सांगत नाहींत, त्याचें कारण छळाची भीति नव्हे, मोबाईल व शिक्षण दोन्ही बंद होण्याची भीति. जिनें खरें सांगितलें तिलाच शिक्षा झाली, तर धाकटी बहीण पुढें कधींच सांगणार नाहीं.

(६) मुलाचाही मोबाईल पाहा. आपण सर्व जण आपल्या मुलीस कोणी त्रास देईल काय याची काळजी वाहतों. आपला मुलगा कोणास त्रास देत असेल काय, हें किती जण पाहतात? बांधापलीकडचा तो पोरगा आकाशांतून पडला नव्हता. त्याच्या घरीं बांधाच्या वादाविषयीं रोज जे शब्द उच्चारले जात, तेच त्यानें मोबाईलवर उतरविले होते.

अखेरची विनंति

सरकारनें पुष्कळ केलें आहे व पुष्कळ करावयाचें राहिलें आहे. शाळाशाळांतून मुलांस विश्वासानें विचारून दरसाल मोजणी झाली पाहिजे, ठाण्यांतून अशा तक्रारी घेणाऱ्या स्त्रिया पुरेशा असल्या पाहिजेत, आणि तपास परीक्षेच्या तारखेआधीं संपला पाहिजे. नंतर संपून मुलीचें गेलेलें वर्ष परत येत नाहीं. हें मागण्याचा आपल्यास हक्क आहे. परंतु ज्याची नोंद नाहीं त्याची मागणी कशाच्या आधारावर करावयाची? पूर्वीं दुष्काळांत पैसेवारी पन्नासांच्या आंत आल्यावांचून सवलत मिळत नसे, हें आपण जाणतों, आणि म्हणून पीक कापणीच्या प्रयोगास आपण स्वतः शेतावर हजर राहत असूं. येथेंही तसेंच हजर राहिलें पाहिजे.

येत्या ग्रामसभेंत सभासदांनीं हा विषय काढावा. गांवांतील एक शिक्षिका, एक आशा सेविका व एक विश्वासाचा जाणता मनुष्य अशीं तीन नांवें ठरवून जाहीर करावीं, कीं ज्यांच्याकडे मूल अगर बाई न भितां जाईल आणि जे अर्ज लिहून देतील. याला खर्च नाहीं, निधि नाहीं, मंजुरी नाहीं.

त्या बागाईतदारांची मुलगी दुसऱ्या वर्षीं परीक्षेस बसली व उत्तीर्ण झाली. मध्यंतरीं ती आमच्याकडे एका मैत्रिणीस घेऊन आली होती. आम्ही चष्मा शोधूं लागलों, तोंच ती मैत्रिणीस म्हणाली, "आधीं कांहीं पुसूं नकोस." ज्या दिवशीं आम्हीं हेंच सांगावयास पाहिजे होतें त्या दिवशीं तें सांगितलें नाहीं. वाचकांपैकीं कोणावर तसा प्रसंग आला, तर त्यांच्या हातून ही चूक न होवो.